काचेची ढेकर

नेमबाजाने पडद्यावरच्या दोन रेघा दाखवल्या, तेव्हा मला आधी वाटलं की त्याने काचेच्या कांड्यांची अदलाबदल केली.

"ही खालची माझी कशी असेल?" मी म्हणाले. "नीट बघ. खालची आईंची असणार."

"वहिनी, परत परत बघितलं. कांडी काढली, पुसली, पुन्हा लावली. खालची तुमचीच."

नेमबाज हे आम्हीच पाडलेलं नाव. तो आमच्या कारखान्याचा तपासनीस. काचेवर केसाएवढ्या जागी लेसर अचूक मारतो आणि चहाचा कप मात्र हटकून टेबलाच्या कडेवर ठेवतो. एरवी माझी काच तपासताना तो शीळ घालत असतो. आज घालत नव्हता. माझ्या हातात चिमणीचं दुपटं होतं, मी त्याची घडी घालायला घेतली आणि घातलेली मोडली.

चिमणी म्हणजे माझी मुलगी. अजून तिला बसताही येत नव्हतं. ती पलीकडे विश्रांतीच्या खोलीत आईंजवळ होती. आई म्हणजे माझ्या सासूबाई. आणि ज्या काचेची रेघ माझ्या रेघेच्या वर गेली होती, ती काच त्यांचीच.

कारखाना लहान आहे. मालक मामा, माझ्या नवऱ्याचे मामा, आईंचे धाकटे भाऊ. आम्ही लेसरसाठी काच करतो. काचेचा रस उकळत असताना त्यात निओडिमियमची पूड विरघळवायची, की काच फिकट जांभळी होते. त्या काचेजवळ झगझगीत दिवा लखकन पेटवला की निओडिमियम तो उजेड पिऊन घेतो आणि त्याचा लेसर करून परत देतो. काच म्हणजे त्याचं नुसतं घर. पण घर बदललं की राहणाऱ्याचा स्वभाव बदलतो, हे मला लग्नाआधी फक्त काचेबद्दल ठाऊक होतं.

आईंचं घर वाळूचं. दणकट, तापाला न घाबरणारं, पण देताना जरा हात आखडता. माझं घर फॉस्फेटचं. त्यात राहून निओडिमियम भरभरून देतो, पण घर नाजूक, आणि ओलाव्याचं तर इतकं वेड की हवेतलंही पाणी ओढून घेतं. हे पाणी डोळ्याला दिसत नाही, निओडिमियमला मात्र लगेच कळतं. दिवा विझल्यावर काच क्षणभर, अगदी क्षणाच्याही चिमटीएवढा वेळ, आपली आपण उजळत राहते. पाणी असलं की तो उजेड लवकर मरतो. पडद्यावरची रेघ तेच सांगत होती. माझ्या काचेत पाणी होतं.

असणं शक्यच नव्हतं. चिमणी पोटात असल्यापासून मी ती काच कोरडी कशी ठेवायची, याच्याच मागे होते.

आणि आजच्या तुलनेवर सगळं ठरणार होतं. एका लेसर कंपनीला यापुढे एकच काच हवी होती. ज्या काचेची निवड होईल तिची भट्टी राहील, दुसरी बंद, असं मामांनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं होतं. दोन भट्ट्या आता झेपत नव्हत्या. माझी भट्टी छोटी, विजेची. बंद केली तरी उद्या बटण दाबून लावता येईल. आईंची गॅसवर चालणारी, विटांची. ती थंड झाली की आतल्या विटा तडकतात आणि मग ती कायमची जाते. ती माझ्या नवऱ्याच्या जन्माआधीपासून पेटलेली होती. आई तिला 'थोरली' म्हणत. नवरा गमतीने म्हणायचा, "मी या घरातलं दुसरं अपत्य. पहिलीला माझ्यापेक्षा जास्त ताप असतो, म्हणून आईचं लक्ष तिकडेच."

तरीही मला जिंकायचं होतं. हे लपवण्यात अर्थ नाही.

"पुढची तपासणी करूया का?" कंपनीच्या इंजिनिअर मॅडम कोपऱ्यातल्या खुर्चीतून म्हणाल्या. आवाजात कुठेच काही नव्हतं, ना नाराजी ना दया.

पुढची तपासणी म्हणजे काच किती मारा सोसते ते बघायचं. आईंची कांडी आधी लावली. नेमबाजाने लेसर हलका मारला, मग जोराचा, मग आणखी जोराचा. कांडी शांत. मग माझी. पहिल्या हलक्या माऱ्यालाच ती फुटली.

आवाज मोठा नव्हता. खडीसाखर दाताखाली यावी तेवढाच. पण त्या खोलीत असा आवाज होत नाही, म्हणून सगळे जागच्या जागी थिजले. नेमबाजाचा हात बटणावरच राहिला. मामांनी चष्मा काढला आणि पुन्हा घालायचं विसरले. जांभळी कांडी मधोमध आडवी तडकली होती, आणि तिच्या पोटात एक चकचकीत चकती उमटली होती, माशाच्या खवल्यासारखी.

"हलक्या माऱ्याला?" नेमबाज पुटपुटला. "आधीच्या कांडीने याच्या कितीतरी पट सोसलं होतं."

"आधीची कुणी ओतली होती?" मॅडमनी विचारलं.

"मी," मी म्हणाले.

"आणि ही?"

मामा बोलले, हळूच, माझ्याकडे न बघता. "ही ताईने ओतली."

नेमबाजाने माझ्याकडे बघितलं. मग घाईघाईने कपाकडे. त्याच्या मनात काय आलं ते मला कळलं, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं, आणि आल्याबरोबर माझे कान तापले.

त्या दिवशी काचेचा रस तयार झाला होता आणि घरून फोन आला. चिमणीचं अंग तापलंय, बाटली तोंडात घेत नाही. मी दोन्हीकडे बघत उभी राहिले होते, भट्टीकडे आणि दाराकडे. आईंनी माझ्या अंगातला एप्रन स्वतः सोडला. "जा तू. काचच आहे, मी बघते. लेकरू माझ्याने दूध पिणार आहे का?" मी पळत सुटले. जाता जाता ओरडून सांगितलं, कोरडा ऑक्सिजन नळीने आत सोडत राहा, मग ओता. त्या म्हणाल्या, "कळलं गं, कळलं. मी आयुष्यभर काय भांडी घासली?"

मॅडम मामांबरोबर जेवायला गेल्या. मी फुटलेली कांडी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

आत चांदण्या होत्या. म्हणजे आधी तसंच वाटलं. भिंग फिरवल्यावर दिसलं की ते तुकडे आहेत, बारीक, त्रिकोणी, आरशासारखे चमकणारे. काही षटकोनी. सगळ्यांच्या कडा धारदार.

"प्लॅटिनम," नेमबाज माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला. "मुशीतला."

माझी काच मातीच्या मुशीत वितळवता येत नाही, ती माती खाते. म्हणून तिला प्लॅटिनमची मूस लागते. मुशीतलं थोडं प्लॅटिनम काचेत येतंच, पण ऑक्सिजन भरपूर असला की ते विरघळून जातं, कुणाला त्रास देत नाही. इथे ते विरघळलं नव्हतं. कण कण होऊन बसलं होतं. लेसरचा किरण त्या कणावर पडला की कणाची वाफ होते, आणि वाफेला जायला जागा कुठे असते? ती काच फाडते.

मी भट्टीपाशी गेले. मूस धुऊन उपडी ठेवलेली होती. आत बोट फिरवलं. तळ मांजराच्या जिभेसारखा खरखरीत लागला. काहीतरी तिला चावलं होतं. नुसता ऑक्सिजन कमी सोडला म्हणून असं होत नाही. मुशीत काहीतरी गेलं होतं.

माझ्या मनातला तो विचार आता चांगला पाय रोवून उभा राहिला. मी तो घेऊनच विश्रांतीच्या खोलीकडे निघाले. काय विचारणार होते कोण जाणे.

आई चिमणीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होत्या. पाठीवरून हात वर वर फिरवत होत्या आणि तिला रागावत होत्या.

"काढ गं बाई, काढ एकदाची. असं अडवून धरायचं नाही. तुझ्यापेक्षा तुझ्या आईची काच शहाणी. तिने कशी पटकन काढली."

मी दारातच थांबले.

"काय काढली?"

"ढेकर. दुसरं काय?"

"कुणी?"

"तुझ्या काचेने. अशी काय बघतेस? तू गेलीस त्या दिवशी. मी डोकावून बघते तर रसात हे बारीक बारीक बुडबुडे. तुझ्या त्या नळीने जात नव्हते गं, उगाच गुळगुळ करत होती ती. म्हटलं, पोरीने एवढा जीव पाखडलाय हिच्यावर, आणि हिच्यात बुडबुडे राहणार? मग काढली ढेकर."

आमच्याकडे सगळे त्या कामाला ढेकर काढणंच म्हणतात. आई थोरलीच्या रसात ते नेहमी करतात. लाकडाचा ठोकळा पाण्यात भिजवून ठेवायचा, लांब सळईच्या टोकाला खोचायचा आणि वितळलेल्या काचेत खोल बुडवायचा. लाकडातल्या पाण्याची वाफ होते, भलेमोठे बुडबुडे उठतात आणि बारीक बुडबुड्यांना आपल्याबरोबर वर घेऊन जातात. थोरलीचा ताप इतका की मागे उरलेला कोळसाही जळून जातो. वाळूच्या काचेला त्याने काही होत नाही.

"लाकडाने?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "ओल्या लाकडाने?"

"मग काय कोरड्या? चांगला भिजलेला होता. गाठ नसलेला, निवडून काढलेला. थोरलीसाठी जपून ठेवला होता, तुझ्या काचेला दिला." चिमणीने तेवढ्यात खरंच ढेकर दिली. आईंचा चेहरा खुलला. "शाब्बास! बघितलंस?"

मी खाटेच्या कडेवर बसले.

ओलं लाकूड. माझ्या काचेत. पाणी आणि कोळसा, तिला ज्यांच्यापासून जपायचं ते दोन्ही, एकाच सळईने, तळापर्यंत. तरी बरं, मूस फुटली नाही, आई भाजल्या नाहीत. आणि मी काय घेऊन आले होते त्यांच्यासमोर? कसला विचार?

त्यांची भट्टी विझवू शकेल अशी ती काच. तिच्यात बुडबुडा राहू नये म्हणून त्यांनी आपला सगळ्यात चांगला ठोकळा वापरला होता.

मला गप्प बसता आलं असतं. फुटलेली कांडी फुटलेली राहिली असती, माझी काच ऐन वेळी कच्ची निघाली असं सगळे म्हणाले असते, आणि थोरली जळत राहिली असती. त्या क्षणी मला तसं करावंसंही वाटलं. पण आई माझ्याकडेच बघत होत्या. त्यांना काचेतला ताण नुसत्या नजरेने दिसतो, मग माझा चेहरा काय.

"फुटली का?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"माझ्यामुळे?"

"आई, तसं नाही, म्हणजे..."

"हो की नाही ते बोल. मला काच कळते, कोडी कळत नाहीत."

"हो."

त्यांचा चिमणीच्या पाठीवरचा हात थांबला. मी सांगितलं. लाकडाचा कोळसा माझ्या काचेतला ऑक्सिजन ओढून घेतो, मग सुटा झालेला फॉस्फरस प्लॅटिनमला चावतो, कण काचेत उतरतात, आणि पाणी वेगळंच. त्या ऐकत होत्या. मधेच एकदा ओठ हलले, 'चावतो' हा शब्द त्यांनी नुसता म्हणून बघितला.

"इतकी वर्षं," त्या शेवटी म्हणाल्या, "इतकी वर्षं मी हेच करून काच सुधारते आहे. तीच गोष्ट. तोच ठोकळा." त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आणि तुझी विष पिऊन बसली?"

"तुम्हाला कसं माहीत असणार? मी सांगायला हवं होतं."

"तू काय काय सांगणार होतीस? लाकूड घालू नका, चप्पल घालू नका, पाटा घालू नका?" त्यांनी हसायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. "बाहेर आहेत का त्या बाई?"

"जेवून आल्या असतील. आई, थांबा. आधी आपण दोघी बोलू. तुमची भट्टी..."

पण त्या निघाल्याही होत्या, चिमणीला खांद्यावर घेऊन, तशाच.

टेस्टरूममध्ये मॅडम बॅग आवरत होत्या. मामा त्यांना आईंच्या काचेबद्दल काहीतरी सांगत होते आणि त्यांच्या आवाजात सुटका होती. माझ्याबद्दल वाईट वाटत असणार, पण बहिणीची भट्टी वाचली होती.

"मॅडम," आई दारातून म्हणाल्या, "ती फुटलेली कांडी धरू नका. तिच्या काचेला मी माझ्या काचेचं औषध पाजलं. ओल्या लाकडाने ढवळली. ती तशी करायची नसते, मला आत्ता कळलं."

नेमबाजाचं तोंड उघडंच राहिलं.

"ताई," मामा म्हणाले, "तू काय बोलतेस, कळतंय का तुला?"

"कळतंय."

"अगं, निवड झाली होती. तुझी झाली होती!"

"ती कशी झाली ते मला कळलं ना आता. मला कळलं नसतं तर गोष्ट वेगळी."

"आणि थोरलीचं काय?"

"थोरलीचं मी बघेन. तू चष्मा घाल आधी, उघड्या डोळ्यांनी भलतंच दिसतं तुला."

मॅडम पहिल्यांदाच गोंधळलेल्या दिसल्या. त्या आईंकडे, मग माझ्याकडे, मग आईंच्या खांद्यावर झोपलेल्या चिमणीकडे बघत राहिल्या. "मी इतक्या कारखान्यांत जाते," त्या म्हणाल्या. बाकीचं वाक्य त्यांनी गिळलं. "नवीन कांडी करा. मी पुन्हा येते. तोवर निवड नाही."

जुनी मूस खरवडली गेली होती, म्हणून मी लहान मुशीत रस केला. आई दाराशी उभ्या होत्या, दोन्ही हात एप्रनच्या खिशात कोंबून, जणू ते हात आपण होऊन काहीतरी करतील अशी भीती होती.

"आता काय करतेस?"

"ऑक्सिजन सोडते. कोरडा."

"म्हणजे ढेकरच की. कोरडी ढेकर." जरा थांबून त्या म्हणाल्या, "पुढे ये म्हणू नकोस हं मला. इथूनच बघते."

मी म्हटलं नाही. मला म्हणायचं होतं.

मॅडम आल्या, तुलना पुन्हा झाली. माझी रेघ वर गेली आणि वरच राहिली. लेसरचा मारा वाढत गेला, कांडी ढिम्म. मग दोन्ही कांड्या एकाच यंत्रात लावून कोण किती देतं ते बघितलं, तेव्हा नेमबाजाने आकडा वाचला आणि पुन्हा वाचला. माझ्या काचेने इतकं दिलं होतं की मीच दचकले. आईंची काच तापाला कितीतरी सरस ठरली, पण मॅडमच्या लेसरला तापाची भीती नव्हती. त्याला एक मोठा झोत मारून पुष्कळ वेळ गार व्हायचं होतं.

"फॉस्फेट," मॅडम म्हणाल्या.

एवढा एकच शब्द. माझ्या इतक्या महिन्यांच्या कामाचा निकाल. मला आनंद व्हायला हवा होता, तो होईल म्हणून मी वाट बघत उभी राहिले. मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच बाहेर निघून गेले.

थोरलीच्या शेवटच्या दिवशी मामा म्हणाले की गॅसवाल्याला बोलावतो, तो बंद करेल. आई म्हणाल्या, "परक्याचा हात कशाला?" त्यांनी उरलेला रस ओतून घेतला, भट्टीचं तोंड झाडून स्वच्छ केलं. मी चिमणीला कडेवर घेऊन मागे उभी होते. ती झोपली होती. नेमबाज टोपी काढून उभा होता. आपण असं निरोपाला आल्यासारखे एका भट्टीसमोर का उभे आहोत, हे कुणी विचारत नव्हतं.

आईंनी झडपेचं चाक धरलं आणि फिरवलं. सहज, हळू, रोजचं काम असल्यासारखं. ज्वाळा निळी झाली, आखडली, गेली.

आणि घरघर थांबली.

ती घरघर होती हेच मला त्या क्षणी कळलं. लग्न होऊन आल्यापासून मी तिच्याशिवाय एक वाक्य बोलले नव्हते या छपराखाली. आम्ही सगळे मोठ्याने बोलतो, ते का, तेही तेव्हाच कळलं. शांतता अशी अंगावर आली की नेमबाजाने दचकून मागे बघितलं. मामांनी भिंतीला हात लावला.

चिमणी दचकून जागी झाली आणि टाहो फोडला. तिच्यासाठी तर त्या आवाजावाचून जगच नव्हतं, पोटात असल्यापासून. मी तिला थोपटायला हात उचलला. एरवी तिने नुसतं तोंड वाकडं केलं तरी आई हातातलं टाकून धावत यायच्या. आज त्या वळल्याही नाहीत. त्यांचा तळवा अजून चाकावर होता.

"रडू दे गं तिला जरा," त्या म्हणाल्या. "कुणीतरी रडायला हवंच होतं."

मी हात तसाच ठेवला, थोपटला नाही. चिमणी रडत राहिली आणि आम्ही सगळे ऐकत राहिलो.